पगारदार पतसंस्थांच्या संचालक मंडळांना खुले पत्र: 'नवे-जुने' (जुने कर्ज फिटण्याआधीच नव्या कर्जात वळते करणे) थांबवा, सभासदाच्या सगळ्या हप्त्यांचा हिशेब मागा

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व संचालक,
महाराष्ट्रातील पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था

स.न.वि.वि.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. तुमचे अहवाल आता छपाईला जातील. त्यात कर्जवाटप किती वाढले याचा आलेख असेल आणि 'थकबाकी शून्य' ही ओळ ठळक अक्षरांत असेल. आम्ही अशाच संस्थांचे लेखापरीक्षण करणारे आणि कर्ज विभागाच्या टेबलावर बसणारे लोक आहोत. ही ओळ खोटी नाही, पण सभासदाचे कसे चालले आहे याबद्दल ती काहीही सांगत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने करारनामा लिहून दिला की मालक पगारातूनच हप्ता कापून संस्थेकडे पाठवतो. सभासदाच्या हातात पैसे येण्याआधी तुमची वसुली झालेली असते. त्यामुळे सभासद कर्जात किती खोल गेला आहे हे तुम्हाला सर्वात शेवटी कळते. कळते तेव्हा तो निलंबित झालेला असतो, बिनपगारी रजेवर असतो किंवा निवृत्तीच्या दारात उभा असतो.

एक पगारपत्रक उदाहरणादाखल पाहू. एकूण वेतन ६८,००० रुपये. निवृत्तिवेतन योजनेची कपात ५,८००, व्यवसाय कर २००, विमा वगैरे ७००. उरले ६१,३००. त्यातून संस्थेच्या ८ लाखांच्या दीर्घ मुदत कर्जाचा हप्ता १३,६९८, आकस्मिक कर्जाचा ४,४१९ आणि मासिक वर्गणी १,००० जाते. हातात ४२,१८३ पडतात. कर्ज समितीसमोर अर्ज येतो तेव्हा समिती एवढेच पाहते. दोन्ही हप्ते मिळून ६१,३०० च्या ३० टक्क्यांच्या आत बसतात. अर्ज मंजूर होतो.

आता त्याच सभासदाचे बँक पासबुक पाहा. ५ तारखेला गाडीचा हप्ता ९,२००. त्याच दिवशी फोन आणि एसीचे मिळून ३,४००. ॲपवरून घेतलेल्या कर्जाचे ४,५००. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ५,०००. एकूण २२,१००. सगळे हप्ते एकत्र केले की आकडा ४०,२१७ होतो, म्हणजे ६१,३०० च्या जवळपास ६६ टक्के. घरभाडे, किराणा, शाळेची फी, आईवडिलांचे औषधपाणी हे सगळे २०,०८३ रुपयांत बसवायचे. ते बसत नाही. म्हणून महिन्याच्या २० तारखेनंतर कार्ड पुन्हा बाहेर निघते. पगार म्हणून खात्यात आलेले पैसे मागच्या महिन्याच्या खर्चाचे असतात आणि चालू महिना उधारीवर जातो. कर्जावर राहणीमान चालते म्हणतात ते हेच. भिशी आणि सोनेतारण तर आम्ही अजून मोजलेच नाही.

हे तुमच्या नजरेतून सुटण्याचे कारण साधे आहे. बँका आणि एनबीएफसी (बिगर-बँक वित्त कंपन्या) सभासदाच्या कर्जाची नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे करतात. पगारदार पतसंस्था बहुतेक करत नाहीत आणि मागवतही नाहीत. मग बँकेला तुमचे ८ लाख दिसत नाहीत आणि तुम्हाला बँकेचे, कार्डाचे, ॲपचे काहीच दिसत नाही. दोघेही स्वतःपुरते बरोबर गणित मांडतात आणि दोघे मिळून एका माणसाला त्याच्या पगाराच्या दोनतृतीयांश हप्त्यांत अडकवतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण ग्राहक कर्जांचे जोखीम भारांकन (अशा कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचे ते ठरवणारे माप) १०० वरून १२५ टक्के केले आणि बँकांना हात आखडता घ्यायला लावला. तुम्ही सहकार खात्याच्या अखत्यारीत असल्याने तो इशारा तुमच्यापर्यंत पोहोचलाच नाही. तुमच्यासाठी तो कोणी देणारही नाही, तो तुम्हालाच घ्यावा लागेल.

आता 'नवे-जुने'. हा शब्द संस्थेत इतका सरावाचा झाला आहे की त्यात काय घडते हे आकड्यांत कोणी मांडत नाही. ५ लाखांचे कर्ज, घटत्या शिलकीवर ११ टक्के, ८४ हप्ते. हप्ता ८,५६१ रुपये. अनेक संस्थांत २४ हप्ते झाले की नवे कर्ज मिळते. त्या २४ महिन्यांत सभासदाने सुमारे २ लाख ५ हजार भरलेले असतात. त्यातले ९९ हजार व्याजात गेले आणि मुद्दल फक्त १ लाख ६ हजारांनी कमी झाले. येणे बाकी ३ लाख ९४ हजार. सभासद पुन्हा ५ लाखांचा अर्ज करतो, जुने कर्ज वळते होते आणि हातात १ लाख ६ हजार येतात. हप्ता तोच राहतो, म्हणून त्याला वाटते की काही बदलले नाही. बदलली ती मुदत. घड्याळ पुन्हा ८४ वर गेले.

दर दोन वर्षांनी हे करत १२ वर्षे काढली, तर सभासदाने मूळ ५ लाख आणि नंतर पाच वेळा १ लाख ६ हजार, असे १० लाख ३१ हजार हातात घेतले. भरले १२ लाख ३३ हजार. तरीही ३ लाख ९४ हजार देणे उभेच. व्याज जवळजवळ ६ लाख. हे कर्जमर्यादा १२ वर्षे ५ लाखांवरच ठेवून झाले. प्रत्यक्षात ती वाढत जाते आणि येणे बाकीही तिच्याबरोबर वाढते.

पाच वेळा आलेल्या त्या १ लाख ६ हजारांचे काय झाले, हे अर्जातून कळत नाही. 'कर्जाचे कारण' या रकान्यात 'घरदुरुस्ती' किंवा 'घरगुती अडचण' लिहायचे, ही रीतच पडली आहे. लिहिणाऱ्याला माहीत असते, शिफारस करणाऱ्या संचालकालाही माहीत असते. खरे कारण लग्नातला मानपान असेल, नवा फोन असेल, सहल असेल किंवा कार्डाचे थकलेले बिल असेल. आमचे म्हणणे सभासदाने सहलीला जाऊ नये असे नाही. सहलीचे कर्ज सात वर्षे फेडू नये, एवढेच आहे. ६० हजारांचा फोन १२ हप्त्यांत घेतला तर ११ टक्क्यांनी ६३,६३५ रुपये जातात. तोच ८४ हप्त्यांच्या कर्जात मिसळला तर ८६,२९७ जातात, आणि शेवटचे हप्ते सुरू असताना तो फोन वापरात नसतो.

म्हणून पहिली मागणी: मुदत वस्तूला बांधा. फोन, टीव्ही, सहल, सण यांसाठी १२ महिने, फार तर १८. दुचाकी ३६. लग्न ४८. घरबांधणी आणि दुरुस्ती ८४, पण ठेकेदाराचे अंदाजपत्रक आणि पावत्या जोडल्यावर. एकाच सभासदाची दोन-तीन कर्जखाती झाली तरी हरकत नाही, संगणक प्रणालीला ते जड नाही. हप्ता मोठा आल्यामुळे सभासद मागे हटला, तर ती वस्तू त्याला परवडत नव्हती हे त्याला खरेदीच्या आधीच कळले.

दुसरी मागणी: निम्मे मुद्दल फिटल्याशिवाय नवे-जुने नाही. वरच्या उदाहरणात निम्मे मुद्दल फिटायला ५० हप्ते लागतात. १२ किंवा २४ हप्त्यांची अट असलेल्या उपविधीत बदल करावा लागेल. त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि सहकारी संस्थांच्या निबंधकांची मंजुरी लागते. तोवर कर्जवाटपाच्या नियमावलीत संचालक मंडळाला जेवढे करता येते तेवढे या महिन्यातच करा. आणि वयाची रेघ ओढा. राज्य शासनाच्या सेवेत बहुतेकांची निवृत्ती ५८ व्या वर्षी. ५१ व्या वर्षी घेतलेले ८४ हप्त्यांचे कर्ज थेट निवृत्तीच्या महिन्यात संपते, त्यानंतर एकदाही नवे-जुने केले तर उरलेली रक्कम उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) आणि रजा रोखीकरणातून जाते. शेवटच्या सात वर्षांत येणे बाकी दरवर्षी कमी झालीच पाहिजे, असा नियम हवा. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे नसल्याचा दाखला, घ्यायला आलेल्या माणसाने आयुष्यभराच्या कमाईतला मोठा तुकडा तुमच्या काउंटरवर मोजून जावा, हे कोणत्याही संचालकाला पाहवत नसणार.

तिसरी मागणी अर्जाच्या नमुन्याची. पगारपत्रकाबरोबर दोन कागद सक्तीचे करा. एक, सहा महिन्यांचा पगार खात्याचा उतारा. त्यात महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या आपोआप होणाऱ्या वजावटी मोजा, हप्ता परत गेल्याचे शुल्क लागले आहे का पाहा, आणि २५ तारखेला किती शिल्लक उरते ते सहाही महिन्यांचे लिहून काढा. ही शिल्लक सतत हजार-पाचशेच्या घरात असेल तर बाकी काही पाहायची फारशी गरज उरत नाही. दोन, पतमाहिती अहवाल. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो, म्हणजे सभासदाला एक रुपयाही लागत नाही. अहवालात गुणांकाच्या आकड्यावर अडकू नका. सुरू खाती, त्यांची शिल्लक आणि हप्ते पाहा. मग 'चौकशी' हा भाग पाहा. गेल्या तीन महिन्यांत सात-आठ ठिकाणी कर्जाची विचारणा झाली असेल, तर माणूस हप्ता भरायला हप्ता शोधतो आहे. हा अहवाल सभासदाचा खाजगी कागद आहे. तो कर्ज समितीपुरताच राहिला पाहिजे. शिपायापासून सगळ्यांच्या हाती फिरला तर पुढच्या वर्षी कोणी आणून देणार नाही.

हे सगळे हप्ते धरून, सक्तीच्या कपाती वगळून उरलेल्या पगाराच्या ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात सहकारी संस्थेची देणी असतील तर एकूण कपात ७५ टक्क्यांपर्यंत चालत असे. काही संस्था तो आकडा परतफेडीची क्षमता म्हणून वापरत आल्या. तो कपातीवरचा शेवटचा अडसर होता, कर्ज देण्याचे माप नव्हे. २०१९ च्या वेतन संहितेने तो ५० टक्क्यांवर आणला आहे.

यावर तुमचे उत्तर आम्हाला ठाऊक आहे: आपण नाही दिले तर सभासद ॲपकडे जाईल, कार्ड घासेल. भीती खरी आहे, म्हणून कार्डाचे गणितही मांडतो. थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्के व्याज धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी. १ लाख थकले की महिन्याला ४,१३० रुपये नुसते व्याज आणि कर. ५ टक्क्यांप्रमाणे किमान रक्कम ५,००० भरली तर मुद्दलातून ८७० रुपये कमी होतात. एकही नवी खरेदी न करता फक्त किमान रक्कम भरत गेले, तर १ लाखाचे ५० हजार व्हायला साडेसहा वर्षे लागतात. शिवाय पूर्ण बिल भरले नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत जाते, किराण्याच्या बिलावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजावर घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली. तेव्हा वरून कोणी दर खाली आणेल, या आशेवर बसता येत नाही. तेच १ लाख तुमच्याकडे ११ टक्क्यांनी ३६ हप्त्यांत आले तर हप्ता ३,२७४ आणि एकूण व्याज १७,८५९. किमान रकमेपेक्षा कमी पैशांत तीन वर्षांत कर्ज संपते. इतका स्वस्त मार्ग पगारदार माणसाला दुसरीकडे क्वचितच मिळतो, आणि तो तुमच्या हातात आहे.

मात्र हे कर्ज देण्याची पद्धत चुकली तर सभासद दुप्पट अडकतो. नेहमी होते ते असे: संस्था रक्कम सभासदाच्या बचत खात्यात टाकते, तो कार्डाचे बिल भरतो किंवा निम्मेच भरतो, कार्ड खिशातच राहते आणि वर्षाच्या आत ते पुन्हा भरते. आता त्याच्याकडे कार्डही आहे आणि तुमचे कर्जही. म्हणून क्रम पाळा. आधी सभासदाकडून प्रत्येक कर्जाचे खाते बंद करण्याच्या रकमेचे पत्र मागवा. ते ठरावीक तारखेपर्यंतच चालते, त्यामुळे मंजुरी आणि भरणा त्याच तारखेच्या आत बसवा. वैयक्तिक कर्ज असेल तर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क मंजुरीपत्रात पाहा. शुल्क उरलेल्या व्याजापेक्षा जास्त असेल तर ते कर्ज त्याच्या मुदतीने संपू द्या. पैसे संस्थेने थेट त्या कर्जखात्यात किंवा कार्डखात्यात भरावेत. कार्डावर हप्त्यांत बदललेल्या खरेद्या असतील तर त्यांची उरलेली रक्कमही त्यात धरा, ती बिलाच्या एकूण देय रकमेत दिसत नाही.

पूर्ण बिल भरल्यावरही बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचे व्याज पुढच्या बिलात येते. ती रक्कम सभासद चूक समजून सोडून देतो, मग विलंब शुल्क लागते आणि पतअहवालावर डाग पडतो. ते पुढचे बिल येऊन शून्य होईपर्यंत फाईल बंद करू नका. नंतर कार्ड बंद करण्याचा अर्ज द्यायला लावा. थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले पाहिजे, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे. ॲपच्या कर्जाची आपोआप वजावटीची परवानगी बँकेतून रद्द करून घ्या. दोन महिन्यांनी अहवाल पुन्हा पाहा आणि बेबाकी पत्राची प्रत फाईलला लावा. अशा कर्जावर नवे-जुने अजिबात नको.

आणि खरी अडचण असलेल्याला दार उघडे ठेवा. दवाखाना, अंत्यविधी, प्रवेशाची शेवटची तारीख यांसाठी २५ हजारांपर्यंत, सभासदाच्या स्वतःच्या ठेवीवर, जामीनदाराशिवाय, त्याच दिवशी मिळेल असे आकस्मिक कर्ज ठेवा. आज अनेक संस्थांत आकस्मिक कर्जाला दोन जामीनदारांच्या सह्या लागतात आणि कर्ज समितीची बैठक महिन्यातून एकदा होते. ॲप पाच मिनिटांत पैसे देते. सभासद तिकडे जातो तो व्याजदर पाहून नव्हे.

दुकानातल्या 'बिनव्याजी हप्त्यां'बद्दल अहवालाच्या मलपृष्ठावर चार ओळी छापा. कार्डावर सहा हप्त्यांत ६० हजारांचा फोन घेतला आणि बँकेचा दर १६ टक्के असला, तर सुमारे २,७०० रुपये व्याज सवलत म्हणून आधी वजा होते, पण त्यावरचा जीएसटी ४८७ रुपये आणि जीएसटीसह प्रक्रिया शुल्क ग्राहकाच्याच माथी येते. रोखीवर मिळणारी सूट जाते ती वेगळी. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. तसेच सपाट दराबद्दल, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज लावण्याबद्दल: ८ टक्के सपाट दराने तीन वर्षांसाठी १ लाख घेतले, तर घटत्या शिलकीवर तो दर साडेचौदा टक्के पडतो. तुमच्या ११ टक्क्यांशी तुलना करताना सभासद इथेच फसतो.

जामीनदारांची नोंदवही एकदा उघडून पाहा. एकाच शाळेतल्या किंवा आगारातल्या चार जणांनी एकमेकांना जामीन दिलेले सापडतील. चौघांच्याही कर्जाचे नवे-जुने झालेले असते. एकाचा पगार थांबला की वसुली उरलेल्या तिघांवर येते, आणि तिघांच्या हातात आधीच २० हजार उरत असतात. मयत सभासदांसाठी बहुतेक संस्थांत निधी असतो, निलंबितासाठी नसतो. परस्पर जामीन बंद करा आणि जामीनदाराची परतफेडीची क्षमताही कर्जदाराइतकीच तपासा.

लाभांशाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. कायद्याने लाभांशाची मर्यादा १५ टक्के आहे आणि ती गाठणे हे अनेक मंडळांचे भूषण असते. ५ लाखांचा कर्जदार पहिल्या वर्षी सुमारे ५२,५०० रुपये व्याज देतो. त्याचे भाग २५ हजारांचे असतील तर १० टक्क्यांनी त्याला २,५०० रुपये लाभांश मिळतो. दिवाळीची भेटवस्तूही त्याच्याच व्याजातून येते. लाभांश दोन-तीन टक्क्यांनी खाली आला आणि कर्जाचा दर अर्ध्या टक्क्याने उतरला, तर कर्जदार सभासदाचा फायदाच आहे. हा हिशेब सभेत फळ्यावर मांडून दाखवा.

निवडणुकीत पॅनेल कर्जमर्यादेवर लढतात. एक २० लाख म्हणतो, दुसरा २५. राज्यात सातवा वेतन आयोग जानेवारी २०१९ पासून पगारात आला. तशी पगारवाढ झाली की मर्यादा वाढते, आणि वाढलेला पगार महागाईशी झुंजण्याआधीच हप्त्यात बांधला जातो. आता आठव्या आयोगाची वाट पाहिली जाते आहे. नव्या वेतनश्रेणीचे पहिले वर्षभर कर्जमर्यादा वाढवणार नाही, एवढा ठराव तरी आत्ताच करून ठेवा.

यंदाच्या सभेपुढे चार विषय ठेवा: निम्मे मुद्दल फिटल्याशिवाय नवे-जुने नाही, अर्जासोबत खात्याचा उतारा आणि पतअहवाल, सर्व हप्ते धरून ५० टक्क्यांची मर्यादा, जामीनदाराविना २५ हजारांचे आकस्मिक कर्ज. अहवालात 'थकबाकी शून्य' च्या खाली आणखी दोन आकडे छापा: वर्षभरात किती कर्जे नवे-जुने झाली, आणि निवृत्त झालेल्यांपैकी किती जणांच्या निवृत्तीच्या रकमेतून कर्ज वळते करावे लागले. दोन्ही आकडे तुमच्या संगणकात आहेत, अर्ध्या तासात निघतात.

कळावे.

आपले,
पगारदार पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात आणि कर्ज विभागात काम करणारे काही जण